माझा बटाटा इंजिनिअर आहे: स्पॅनिश 2 च्या वर्गाचा दहा महिन्यांचा अनुभव

वापरणारी: माझी लेक, वय 14, नववी, न्यू जर्सीतली सरकारी शाळा. शेजारी बसून सगळं सोसणारी: मी. काळ: सप्टेंबर ते जून. लोक वॉशिंग मशीनबद्दल लिहितात तसं मी शाळेतल्या एका विषयाबद्दल लिहितेय, कारण दर ऑगस्टमध्ये मंडळातल्या नव्या आईबाबांचा प्रश्न ठरलेला असतो: "स्पॅनिश सोपं असतं ना? ए मिळूनच जातो ना?"

मिळून जात नाही. मीही तेच धरून चालले होते.

नव्यांसाठी थोडक्यात. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला परकीय भाषेचे 5 क्रेडिट लागतात, म्हणजे एक वर्ष. पण कॉलेजांचं तेवढ्यावर भागत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया 2 वर्षं मागते आणि 3 झाली तर बरं म्हणते. म्हणून बरीच मुलं मिडल स्कूलमध्येच स्पॅनिश 1 उरकतात आणि नववीत 2 च्या वर्गात बसतात. पुढे 3, 4, मग एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा वर्ग. म्हणजे हे प्रकरण एका वर्षाचं नाही.

सप्टेंबरात पालकांची संध्याकाळ असते. मुलांच्या वेळापत्रकाप्रमाणे आपण या वर्गातून त्या वर्गात पळायचं, प्रत्येक विषयाला दहा मिनिटं. सेन्योरांनी (मुलं बाईंना याच नावाने हाक मारतात) दोन पानी सिलॅबस हातात दिला. मोठ्या परीक्षा 35 टक्के, क्विझ 20, बोलण्या-लिहिण्याची सादरीकरणं 20, वर्गातला सहभाग 15, गृहपाठ 10. खाली पालकांची सही. आयकियाच्या कपाटाबरोबर येणारा कागद मी जितक्या मन लावून वाचते, तितकाच हा वाचला आणि सही ठोकली.

त्यातल्या 15 टक्क्यांनी ऑक्टोबरात तोंड उघडलं. दर दोन आठवड्यांनी सहभागाचे गुण पडायचे: 10 पैकी 7. पुन्हा 7. पुन्हा 7. बाकी सगळीकडे 92 च्या आसपास असूनही बेरीज 88.7, म्हणजे बी प्लस. पुण्याहून आईचा फोन: "बी प्लस म्हणजे किती टक्के गं?" मी टक्के सांगितले तर म्हणाली, "मग वाईट काय आहे त्यात?" तिला जीपीए (सगळ्या विषयांच्या श्रेणींची सरासरी) समजावण्यात अर्धा तास गेला आणि शेवटी मलाच तो नीट कळलेला नाही हे लक्षात आलं.

मी सेन्योरांना ईमेल केला. सूर नम्र, आतून धुसफूस. माझं म्हणणं असं की मुलगी शांत आहे, वेळेवर येते, गृहपाठ चुकवत नाही, मग तीन गुण कशाचे गेले? आपण ज्या शाळांत शिकलो तिथे वर्गात गप्प बसणं हा गुण होता, त्याबद्दल प्रगतिपुस्तकात शेरा मिळायचा. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, चार ओळींचं. ती हात वर करत नाही. जोडीने बोलायला सांगितलं की मैत्रिणीशी इंग्रजीत बोलते. वर्गात वेळ स्पॅनिशमध्ये जायला हवा, आणि चुकीचं बोललं तर गुण जात नाहीत, न बोललं तर जातात. हा सेन्योरांचा हट्ट नव्हता, हे मला नंतर समजलं. ॲक्टफल ही अमेरिकेतल्या भाषाशिक्षकांची संघटना वर्गातला 90 टक्के किंवा त्याहून जास्त वेळ शिकायच्या भाषेतच घालवा असं सांगते. तेव्हा मात्र मी चिडूनच होते. गप्प बसल्याचा दंड! लेक तर म्हणाली, "आई, तू आता ईमेल करू नकोस."

आता मुख्य गोष्ट, जी मला कुणी आधी सांगायला हवी होती. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला या विषयात जन्मजात सवलत आहे आणि शाळेला त्याचा पत्ता नाही. बऱ्याचदा मुलालाही नसतो. नोव्हेंबरात ती स्वयंपाकघरात 'गुस्तार' (आवडणे) घोकत बसली होती. वर्गातली इंग्रजी बोलणारी मुलं 'यो गुस्तो' म्हणून गुण घालवत होती, कारण त्यांच्या डोक्यात 'मी आवडतो' असतं. मी पोळ्या लाटताना विचारलं, 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे काय? ती म्हणाली, मला कॉफी आवडते. बरं, आणि आंबे? 'मे गुस्तान लोस मांगोस.' मला आंबे आवडतात. मग थांबली. "मला" तसंच राहिलं, क्रियापद आंब्यांबरोबर बदललं. दोन्ही भाषांत. तिने वही मिटली.

फेब्रुवारीत भूतकाळ आला, जिथे अर्धा वर्ग आपटतो. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन: एक घडून संपलेल्या गोष्टीचा, एक नेहमी घडायच्या गोष्टीचा. 'फुई आ पुने', मी पुण्याला गेले. 'इबा आ पुने', मी पुण्याला जायचे. पुस्तकात यावर रंगीत तक्ते होते आणि कधी कोणता वापरायचा याची आद्याक्षरं जुळवून केलेली खूण. आमच्याकडे एक 'जायचे' पुरलं. तसंच 'तू' आणि 'उस्तेद', आपलं तू आणि तुम्ही. कर्ता गाळून 'आब्लो' म्हटलं की 'बोलते' इतकंच सहज. त आणि द दातांवरचे. लिंगं तर त्यांच्याकडे दोनच, आपण तीन सांभाळतो. (पगार, पाव, चावी, साबण हे आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आले, म्हणून पोर्तुगीजच्या बहिणीत, स्पॅनिशमध्ये, 'पागार', 'पान', 'याबे', 'खाबोन' पाहून तिला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. हा बोनस.) क्विझचे आकडे 92 वरून 97-98 वर गेले ते शिकवणीने नाही, पोळ्या लाटता लाटता.

पण मग गुण गेले कुठे? स्पॅनिश अक्षरांच्या डोक्यावरच्या तिरप्या रेघांमध्ये. एक आघातचिन्ह चुकलं की अर्धा गुण. मला हा छळ वाटायचा. मग 'माझं कुटुंब' या निबंधात लेकीने वडिलांबद्दल लिहिलं आणि 'पापा'च्या शेवटच्या अक्षरावर रेघ द्यायला विसरली. रेघ नसेल तर पापा म्हणजे बटाटा. माझा बटाटा इंजिनिअर आहे, माझा बटाटा रोज ट्रेनने न्यू यॉर्कला जातो. सेन्योरांनी अर्धा गुण कापून शेजारी बटाट्याचं चित्र काढलं होतं. तो कागद आता आमच्या फ्रिजवर आहे. आणि 'आन्यो'च्या डोक्यावरची नागमोडी रेघ विसरलात तर 'मी 14 वर्षांची आहे' या वाक्याचं काय होतं ते इथे लिहीत नाही. ज्या भाषेत शिर आणि शीर वेगळे आहेत त्या भाषेच्या माणसाने अर्ध्या गुणाबद्दल कुरकुर करू नये हे मान्य.

खरी तक्रार ऑनलाइन गुणफलकाबद्दल. मार्चमध्ये ती तापाने घरी होती आणि त्या सत्रातली दुसरी परीक्षा बुडाली. फलकावर तिथे शून्य चढलं. 88.7 चे रात्रीत 72.6, सी मायनस. नंतर परीक्षा देता येणार होती, शून्य तात्पुरतं होतं, पण हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ताप 101 आणि पोरगी अंथरुणात फोन धरून दर दहा मिनिटांनी आकडा बघतेय. रकाना रिकामा ठेवायला काय हरकत होती, हे मला आजही पटलेलं नाही. या एका गोष्टीसाठी मी एक तारा कापते. तुम्ही एवढंच करा, सूचना बंद ठेवा आणि फलक आठवड्यातून एकदा पाहा.

एप्रिलमध्ये दुसरा प्रकार. सिलॅबसमध्ये ठळक लिहिलं होतं की यंत्राकडून अख्खी वाक्यं भाषांतरित केली तर शून्य. सुटा शब्द शोधला तर चालेल. लेकीने एका लेखनात 'ओखाला नो आया एक्सामेन' लिहिलं. हे रूप स्पॅनिश 3 मध्ये शिकवतात, त्यामुळे सेन्योरांना शंका आली. मी पुन्हा ईमेल उघडला आणि आठवलं, करायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला बोलावलं आणि विचारलं, हे कुठून आलं? तिने सांगितलं की शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या तोंडी सारखं असतं. ती मुलगी घरी स्पॅनिश बोलते. पण अर्थ काय, असं विचारल्यावर तिने 'ओखाला'चं आणखी एक वाक्य तिथल्या तिथे बनवून दाखवलं. 'देव करो, परीक्षा नसो' यातलं 'नसो' तिच्या कानात होतंच. ('ओखाला' मुळात अरबीतून आलं, त्यात अल्लाची इच्छा आहे. आपण देवाला घातलं, त्यांनी अल्लाला.) गुण पूर्ण मिळाले.

माझ्या लक्षात राहिलं ते मात्र वेगळं. ते वाक्य पुस्तकातून आलेलं नव्हतं. जोडीने बोलायच्या तासांत, म्हणजे मी ज्यावर भांडत होते त्या 15 टक्क्यांत, ते कानावर पडलं होतं. नोव्हेंबरात 7, जानेवारीत 8, मेमध्ये सलग 10. जूनमधल्या तोंडी परीक्षेत तीन मिनिटं बोलायचं होतं, आधी प्रश्न माहीत नसताना. तिने दोनदा चूक केली, दोनदा स्वतःच सुधारली, 94. वर्षाचा शेवट 93.

कुणी घ्यावं? ज्याचं मूल पाठांतरात पक्कं आणि वर्गात मुकं आहे त्याने नक्की, पण पहिलं सत्र दुखणार हे धरून. फक्त जीपीए सांभाळायचा असेल तर दुसरं काही बघा.

पुढच्या वर्षीच्या स्पॅनिश 3 ऑनर्सचा सिलॅबस परवा आला. मी पेन शोधत होते तोवर लेकीने तो उघडून मोठ्याने वाचायला घेतला. "सहभाग 20 टक्के," ती म्हणाली, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "थांब, सही नंतर. आधी वाच."