करार कुलसचिवांच्या दालनात करावा की समेट अधिकाऱ्यापुढे?

विद्यापीठात मागणीपत्र देऊन वर्ष उलटलं की युनियनच्या बैठकीत दोन तट पडतात. "रजिस्ट्रारसाहेबांबरोबर बसूया की, उगीच बाहेर कशाला जायचं?" हा एक. "कामगार खात्यात घाला प्रकरण", म्हणजे तिथल्या तडजोड घडवणाऱ्या समेट अधिकाऱ्यापुढे, हा दुसरा. बेळगावकडच्या एका विद्यापीठात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या युनियनचं काम करताना मी दोन्ही वाटांनी गेलोय.

आधी एक सांगून टाकतो. कोल्हापूरचे पाहुणे "मान्यताप्राप्त युनियन करा, औद्योगिक न्यायालयात तक्रार टाका" असा सल्ला हमखास देतात. तो महाराष्ट्राच्या 1971 च्या युनियन-मान्यतेच्या कायद्यातला आहे, आणि कर्नाटकची हद्द लागली की तो कायदा संपतो. आपल्याकडे केंद्राचाच कायदा: पूर्वी 1947 चा औद्योगिक विवाद कायदा, आता 2020 ची औद्योगिक संबंध संहिता.

दालनातल्या बोलण्याचे फायदे मी नाकारत नाही. काम लवकर होतं, कुणाचा मान दुखावत नाही, आणि गणवेश, रजा, बढतीची यादी असले विषय तिथेच सुटलेले बरे. पैशाचा विषय निघाला की मात्र कुलगुरूंनी मान डोलावली तरी सिंडिकेटची, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाची, मंजुरी लागते.

माझं मन फिरलं ते वेगळ्याच कारणाने. आमच्याकडे युनियन दोन. दालनात करार झाला, त्यावर सही एकाच युनियनची. पुढच्या महिन्यापासून एकाच विभागात, शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन शिपायांचे भत्ते वेगळे! विचारायला गेलो तर उत्तर आलं, "ज्यांनी सही केली त्यांचाच करार." राग आला, पण कायद्याने ते बरोबर होतं. आपसातला करार सही करणाऱ्या पक्षांपुरताच बांधतो. तोच करार समेटाच्या कामकाजात, अधिकाऱ्यासमोर झाला की सगळ्या कामगारांना लागू होतो. सही न केलेल्यांना, आणि उद्या नोकरीला लागणाऱ्यांनाही. मजकूर तोच, पगारपत्रकं मात्र दोनाची एक होतात. नवीन संहितेतही हा फरक कायम आहे.

समेटाची वाट गुळगुळीत आहे असं नाही. जुन्या कायद्यात अधिकाऱ्याने 14 दिवसांत अहवाल द्यायचा होता. प्रत्यक्षात किती लांबायचं ते विचारू नका. विद्यापीठ हटकून असा माणूस पाठवतं, ज्याला कशावरच सही करायचा अधिकार नसतो. "वर विचारून सांगतो" म्हणतो आणि तारीख पुढे जाते. म्हणून पहिल्याच दिवशी अधिकारपत्र मागा. टिपण कन्नडमध्ये होतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना बोललेलं कळतं, वाचता येत नाही. सहीआधी प्रत्येक कलम मोठ्याने वाचून घ्या. आमच्या अधिकाऱ्यांनी त्याला कधी नाही म्हटलं नाही.

कोर्टाबद्दल थोडक्यात. रोजंदारीवाल्यांना कायम करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका टाकायचा मोह होतो, पण सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा उमादेवी निकाल समोर येतो (नुसतं रोजंदारीवर काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असं सांगणारा), आणि तो कर्नाटकातूनच गेलेल्या प्रकरणातला आहे. एकट्या माणसाला कामावरून काढलं असेल तर गोष्ट वेगळी: समेटाचा अर्ज देऊन 45 दिवस झाले की त्याला थेट औद्योगिक न्यायाधिकरणात दाद मागता येते. त्यासाठीची मुदत पूर्वी 3 वर्षं होती, आता 2 आहे. तिथे वाटाघाटीत वेळ घालवू नये.

प्राध्यापकांची संघटना सोबत यायला तयार असेल तर पाठिंब्याचं पत्र घ्या, पण त्यांच्या मागण्या आपल्या अर्जात नकोत. शिक्षक हे कामगार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच म्हटलंय, आणि विद्यापीठाचा वकील पहिली हरकत तीच घेतो.

तुमच्याकडे युनियन एकच असेल आणि कुलसचिव शब्दाचे पक्के असतील, तर दालनात बसा, हरकत नाही. युनियन दोन असतील तर बोलणी हवी तर दालनात करा. सही तेवढी अधिकाऱ्यापुढे होऊ द्या.