विंडोज, उबुंटू, मॅक: आठ महिने गिट वापरल्यावर

बोलीतले शब्द गावागावांतून जमवायचं आमचं काम आठ महिन्यांपासून गिटवर चालू आहे. गिट म्हणजे फायलींतला प्रत्येक बदल इतिहासासकट जपणारा प्रोग्रॅम. माझा विंडोजचा पीसी, घरचा उबुंटू लॅपटॉप आणि मैत्रिणीचा जुना मॅक. फायलींची नावं सगळी मराठीत.

पहिल्याच दिवशी विंडोजवर स्टेटस (कुठल्या फायली बदलल्या त्याची यादी) पाहिलं, तर ‘म’च्या जागी त्याच्या बाइटचे आकडे, \३४०\२४४\२५६! गिटच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगमध्ये) ‘कोअर डॉट क्वोटपाथ’ फॉल्स, म्हणजे बंद, केलं आणि नावं वाचता आली. मराठीत काम करणाऱ्यांनी गिट टाकल्याटाकल्या हे करावंच.

मग ओळींचा घोळ. विंडोज ओळ संपवतं सीआर-एलएफ अशा दोन चिन्हांनी, बाकीचे दोघे नुसत्या एलएफने. मी एक वेलांटी सुधारली आणि डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक गिट दाखवतं त्यात) अख्खी फाईल लाल-हिरवी झाली. ओळींची ही शेवटची चिन्हं आपोआप बदलणारं ‘ऑटोसीआरएलएफ’ सेटिंग ज्याच्या त्याच्या मशीनवर असतं, त्याच्यावर विसंबू नका. आम्ही रेपोतच (गिट सांभाळतं त्या सामायिक फोल्डरमध्ये) नियमांची गिटॲट्रिब्यूट्स फाईल ठेवली, त्यात ‘टेक्स्ट=ऑटो’ लिहिलं, एकदा रीनॉर्मलाइझ करून, म्हणजे सगळ्या ओळींचे शेवट एकसारखे करून, कमिट केलं, म्हणजे तो बदल इतिहासात नोंदवला. त्यानंतर हा त्रास झालेला नाही.

सगळ्यात जास्त दमवलं ते ‘कऱ्हाड’ने. उबुंटूवर या नावाच्या दोन फायली दिसायला लागल्या, दोन्ही नावं दिसायला अगदी सारखी. युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ला नुक्ता (खालचा टिंब) जोडून. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नावातला ‘ऱ’ असा सुटा करून ठेवते. मॅकवरचं गिट तो परत जोडून घेतं, पण ही फाईल मैत्रिणीने झिप करून पाठवली होती आणि मी ती उबुंटूवर उघडून तशीच गिटमध्ये ॲड केली. बाइट वेगळे, म्हणून गिटच्या लेखी फाईल वेगळी. त्यात गिटची चूक नाही. दोन्हींत नव्या नोंदी पडल्या होत्या, त्या जुळवण्यात माझी संध्याकाळ गेली. आता झिप बंद, जे द्यायचं ते पुश करूनच, म्हणजे गिटमधूनच सामायिक रेपोत पाठवून.

वेगात उबुंटू सरस. २००५ साली लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने गिट लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कामासाठीच लिहिलं, आणि उबुंटू म्हणजे लिनक्सच, त्याचं घर तेच. विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर रेपो सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. फरक लगेच कळतो.

एवढं सोसूनही मी गिट सोडणार नाही. वस्तीवर रेंज नसते, तिथे आजी शब्द सांगत जाते आणि मी लॅपटॉपवर कमिट करत जाते. सगळा इतिहास माझ्याजवळ असतो, पुश रात्री घरी आल्यावर.