लाईट जाते म्हणून पेट्रोलचा कॉम्प्रेसर घेतला

फोंड्याजवळ आमचं घर. अंगणाला लागून छोटं गॅरेज, त्यात दोन जुन्या स्कूटर आणि एक गाडी. चाकांत हवा भरायची, कार्बोरेटर फुंकायचा, एवढ्यासाठी कॉम्प्रेसर हवा होता. विजेवरचा दोन एचपीचा घ्यायचं ठरवूनच म्हापशाला गेलो.

दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "पात्रांव, पावसात तुमच्याकडे लाईट राहते?" तिथेच मी अडकलो. त्याने कोपऱ्यातला निळा पेट्रोलवाला दाखवला. "साडेसहा एचपी. विजेवाल्याच्या तिप्पट हवा." हवा इंजिन देत नाही, पंप देतो, आणि ज्या पंपाला दोन एचपीची मोटर पुरते त्याला पेट्रोल इंजिन जवळपास दुपटीचं लावावं लागतं, हे मला कुठे ठाऊक होतं! 28 हजार रोख मोजले. पक्कं बिल हवं तर जीएसटी वर पडेल म्हणाला, म्हणून चिठ्ठीवर भागवलं. तो शहाणपणा माझाच.

पहिल्याच दिवशी पाऊस. पाणी आत येतं म्हणून शटर अर्धं ओढून यंत्र चालवलं, अर्ध्या तासात डोकं जड झालं. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद जागेत तो जीव घेतो. म्हणजे ज्या पावसासाठी पेट्रोलवाला घेतला, त्याच पावसात तो बाहेर ठेवायचा!

मग मेव्हणा आला. तो वायरमन, पण यंत्रांतलंही कळतं त्याला. त्याने मोबाईलवर वेळ लावली. टाकी 50 लिटरची, 8 बार दाबापर्यंत भरायला साधारण 400 लिटर हवा लागते. यंत्रावरच्या पट्टीवर 8 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) लिहिलेलं, म्हणजे मिनिटाला सव्वादोनशे लिटर. असे आकडे फुगवलेलेच असतात, तरी तीन मिनिटांत टाकी भरायला हवी होती. लागली साडेसहा मिनिटं. खालचा कॉक उघडला तर तांबूस पाणी. आपल्या दमट हवेत टाकीत पाणी साठतंच, पण नव्या टाकीत दुसऱ्याच दिवशी गंज? स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडला. निळ्याखाली लाल, आणि तळाशी वेल्डिंगचं ठिगळ, म्हणजे जुनीच टाकी रंगवून विकलेली. अशी टाकी फुटली तर पत्रा बॉम्बच्या तुकड्यांसारखा उडतो. मेव्हण्याने तिथल्या तिथे हवा सोडून दिली.

दुकानदार म्हणाला, "हा आमचा मालच नव्हे." 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला फोन लावला. त्यांनी बिल मागितलं. चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना यंत्राचा नंबर.

आता विजेवरचा दोन एचपीचा आहे, पक्क्या बिलाचा. तो घेताना दुकानातच टाकी भरायला लावली आणि घड्याळ लावून उभा राहिलो. विक्रेता जरा चिडला, चिडू दे. गेल्या जुलैत रात्रभर वीज नव्हती. टाकी आधीच भरलेली होती, त्याच हवेवर सकाळी दोन्ही स्कूटरची चाकं भरली.