झोळी, तिरकी गादी की सपाट अंथरूण? दूध टाकणाऱ्या बाळाच्या रात्री

तासातासाला उठणारं, खाली ठेवलं की कण्हणारं आणि मध्येच गुळणी टाकणारं बाळ ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी लिहितेय. काय करायचं ते दिवसाच ठरवून ठेवा, रात्री तीनला डोकं चालत नाही.

आमच्याकडे पहिली आली झोळी. आईची जुनी साडी, दोन झोके दिले की पोरगी गप्प, मग कोण कशाला दुसरं काही बघतंय! पण झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं, पोट दाबलं जातं म्हणजे दूध वर यायला मदतच, आणि हनुवटी छातीला टेकली की श्वासाला अडचण, ती जास्त वाईट. शांत करायला समोर बसून झोका द्या हवं तर, पण डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवा.

मग ऑनलाइन मागवली रिफ्लक्सवाली, म्हणजे पोटातलं दूध वर येणाऱ्या बाळांसाठीची तिरकी गादी. डोकं वर ठेवलं की दूध खाली राहणार, ऐकायला किती पटतं ना, पण बाळ घसरत घसरत खाली येतं, मान वाकते आणि ओकणं काही कमी होत नाही. अमेरिकेत तर बाळाला झोपवायची १० अंशांपेक्षा जास्त उताराची साधनं विकायलाच २०२२ च्या कायद्याने बंदी आहे. आमची गादी माळ्यावर गेली, पैसे पाण्यात.

राहिलं सपाट, जरा टणक अंथरूण, पाठीवर, उशी नाही, मोहरीची पण नाही. सासूबाईंचा एकच धोशा, उताणी झोपवलीस तर ठसका लागेल. मलाही तेच वाटायचं, पण डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला त्याला चढावं लागतं, पालथं झोपवलं की उलटं होतं. तेव्हा पटलं. माझं मत विचाराल तर झोपायला हेच, यात मी तडजोड करणार नाही.

अर्थात नुसतं सपाट ठेवून झोप लागत नाही. पाजल्यावर ढेकर काढून २०-३० मिनिटं खांद्यावर उभं धरायचं, आणि एकदम पोटभर पाजण्यापेक्षा थोडं थोडं. खरी कसोटी ही अर्धा तास जागं राहण्याची, कारण बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी लागणं हे सगळ्यात धोक्याचं. म्हणून आम्ही रात्र वाटून घेतली, नऊ ते दोन नवरा आणि पुढे मी. तो माझं काढून ठेवलेलं दूध पाजायचा, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. मला सलग पाच तास मिळायला लागले, ओकणं तेवढंच होतं पण मी माणसात आले.

औषध की वाट बघणं? बाळ हसतंय, वजन वाढतंय, नुसतं दूध टाकतंय तर वाट बघा. साधारण चौथ्या महिन्यात जोर असतो, वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं थांबतं. ॲसिडची औषधं ॲसिड कमी करतात, दूध वर येणं नाही. २००९ साली लान्सोप्राझोल या ॲसिडच्या औषधाची चाचणी छापून आली, त्यात खरं औषध घेणाऱ्या ५४ टक्के बाळांना फरक पडला आणि नुसतं दिखाऊ औषध घेणाऱ्या ५४ टक्क्यांनाही! त्यामुळे शेजारणीच्या बाळाचे ड्रॉप्स आणून देऊ नका. शीमध्ये रक्त किंवा अंगावर एक्झिमा (कोरडे, खाजरे चट्टे) असेल तर गाईच्या दुधाच्या ॲलर्जीबद्दल डॉक्टरांना विचारा, ते बहुधा आईलाच दोन-चार आठवडे दूधदुभतं बंद करायला सांगतील, त्यात म्हशीचंही आलं आणि चहातलंही, हे मला सगळ्यात जड गेलं.

उलटी हिरवी झाली, उलटीत रक्त दिसलं, ताप आला, दूध कारंज्यासारखं लांब उडायला लागलं किंवा वजन अडलं तर मात्र यातलं काही करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. हिरवी उलटी झाली तर त्याच रात्री दवाखान्यात.