ग्रांद बेटाच्या गढूळ पाण्यात सात महिने : प्रवाळ ओळखायला शिकण्याचा अनुभव

फोंड्याला उच्च माध्यमिकमध्ये मी जीवशास्त्र शिकवते. अकरावीच्या पुस्तकात प्रवाळाचं उदाहरण म्हणून ‘मिअँड्रिना’ दिलेला आहे. अकरा वर्षं मी तो फळ्यावर काढत आले. तो अटलांटिकच्या बाजूचा, कॅरिबियनकडचा प्रवाळ. आपल्या समुद्रात तो नाहीच, हे मला गेल्या नोव्हेंबरात कळलं, तेही स्कूबा डायव्हिंगच्या कोर्सच्या पहिल्याच संध्याकाळी. मुरगावच्या समोर, बोटीने तासाभरावर जिवंत प्रवाळ आहेत आणि माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला त्यातल्या एकाचंही नाव ठाऊक नाही, ही रुखरुख घेऊनच मी पैसे भरले.

कोर्स असा होता : आधी ओपन वॉटर, म्हणजे १८ मीटरपर्यंत जायचा परवाना. मग पाण्यात स्थिर तरंगण्याचा सराव, मग प्रवाळ ओळख, आणि शेवटी ‘रीफ पुनरुज्जीवन’ (रीफ म्हणजे प्रवाळांची भित्ती). नोव्हेंबर ते मे मी चोवीस डाइव्ह केल्या, दोन सोडून सगळ्या मुरगावसमोरच्या याच ग्रांद बेटाभोवती (सगळे जण ग्रँड आयलंडच म्हणतात). सेंटरचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही लिहिली आहे.

आधी पाण्याबद्दल, कारण गोव्यात सगळं त्यावर अवलंबून आहे. अंदमानचे फोटो पाहून इथे येऊ नका. मांडवी आणि झुआरी पावसाळाभर गाळ आणून टाकतात, आणि ऑक्टोबर उजाडला तरी तो पूर्ण बसलेला नसतो. चांगल्या दिवशी पाच-सहा मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी पसरलेल्या हाताची बोटंही धूसर. पहिल्या तीन डाइव्हना मी खट्टू होऊन वर आले. आमचे प्रशिक्षक मालवणचे, आम्ही त्यांना दादाच म्हणायचो. ते म्हणाले, “मॅडम, लांबचा बघूक नको. एक दगड पकडा आणि वीस मिनिटा थयच ऱ्हवा.” सात महिन्यांत मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच. स्वच्छ पाण्यात माणूस भटकत राहतो. इथे प्रवाळाच्या एकाच वसाहतीपाशी थांबण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि प्रवाळ ओळखायला नेमकं तेच लागतं.

पाण्यात चार-पाच मीटरवरच लाल रंग विरायला लागतो, म्हणून सगळं राखाडी-हिरवं दिसतं. टॉर्च लावला की तोच दगड पिवळसर तपकिरी होतो. बेटाजवळ सगळ्यात जास्त दिसतो तो टर्बिनेरिया : अळूच्या पानांसारखे दुमडलेले, एकात एक अडकलेले पत्रे, आणि पत्र्याच्या वरच्या अंगाला बारीक उंचवटे. प्रत्येक उंचवट्यात एक पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एक इवला प्राणी. पॉलिपच्या आत राहणारी शैवालं सूर्यप्रकाशावर अन्न बनवतात आणि प्रवाळ त्यावर जगतो, हे मी वर्गात शिकवतच होते. पण प्रकाश इतका कमी असेल तर काय? टर्बिनेरिया पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून बरीच भूक भागवतो. म्हणून तर तो या गढूळ पाण्यात तग धरून आहे. दादांनी हे बोटीवर सांगितलं तेव्हा मला त्या प्रवाळाबद्दल एकदम आदर वाटला.

ओळखीची किल्ली पॉलिपच्या घराच्या भिंतींत असते. फोटो दाखवताना दादांनी सांगितलेलं कधी विसरणार नाही : फॅविटिस म्हणजे चाळ, शेजाऱ्याशेजाऱ्यांत एकच भिंत. डिप्सॅस्ट्रिया म्हणजे बंगल्यांची वसाहत, ज्याची त्याची भिंत आणि मध्ये बोळ. एवढं लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं. पोरायटिसच्या खोल्या इतक्या लहान की लांबून दगड गुळगुळीत वाटतो. गोनियोपोरा त्याच कुळातला, पण दिवसासुद्धा लांब देठांचे पॉलिप बाहेर काढून बसलेला, वाऱ्यावर हलणाऱ्या फुलांसारखा. त्याच्या पॉलिपला तोंडाभोवती २४ शुंडके (बारीक सोंडा) असतात, अगदी तसाच दिसणाऱ्या अल्व्हिओपोराला १२.

ती मोजण्याचा दिवस फेब्रुवारीतला. सात मीटरवर होते, पाणी जरा निवळलेलं. श्वास संथ केला, हात छातीशी घेतले आणि एका पॉलिपपासून वीतभर अंतरावर थांबले. लाट आली की मी पुढे, पॉलिप मागे. दोनदा मोजणी चुकली. तिसऱ्यांदा एकच शुंडक खूण म्हणून धरलं आणि तिथून फिरत गेले : बावीस, तेवीस, चोवीस. पाण्यात लिहायच्या पाटीवर पेन्सिलीने ‘गोनि.’ लिहिताना हात थरथरत होता. वर आल्यावर बोट चालवणाऱ्या तांडेल मामांनी विचारलं, “कितें मेळ्ळें गो?” (काय मिळालं गं?) मी नुसती पाटी दाखवली.

कोर्समधली एक शिस्त मला फार पटली. फोटोवरून प्रजाती सांगायची नाही, वंशापर्यंतच थांबायचं (फॅविटिस, गोनियोपोरा ही वंशांची नावं). एकच प्रवाळ उथळ, लाटांच्या जागी वेगळा वाढतो आणि खोल, शांत जागी वेगळा. हौशी लोक छातीठोक नाव सांगतात तेव्हा नोंदीचं नुकसान होतं.

आता ‘पुनरुज्जीवन’. माहितीपत्रकावर कोरल लावणाऱ्या मुलीचा फोटो होता आणि मीही त्यालाच भुलले. प्रत्यक्षात आम्ही एकही जिवंत प्रवाळ लावला नाही, आणि आज मी म्हणते की तेच बरोबर. दगडी प्रवाळ २००१ पासून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. परवानगीशिवाय तुटलेला तुकडा उचलणं हासुद्धा गुन्हा. बांधणीचा सराव आम्ही तरणतलावात प्लास्टरच्या नकली तुकड्यांवर केला : दोरीला पीळ देऊन फट पाडायची, तुकडा अडकवायचा, हलतो का पाहायचं. हलला तर तो जगत नाही. तुतिकोरीनजवळ मन्नारच्या आखातात २००२ पासून सिमेंटच्या चौकटींवर खरे तुकडे बांधून वाढवतात, पण ते काम संशोधन संस्थेचं, वर्षानुवर्षांच्या देखरेखीचं. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनी तुकडे लावून फोटो काढून निघून जावं, असं ते काम नव्हे. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहायला हवं होतं. माझ्याबरोबरच्या दोघी यामुळे कोर्स अर्धवट सोडून गेल्या, आणि त्यांची चूक होती असं मला वाटत नाही.

जे खरोखर केलं ते जाळी काढण्याचं काम. तुटलेली नायलॉनची जाळी टर्बिनेरियाच्या पत्र्यांत अडकतात आणि प्रत्येक लाटेबरोबर घासत राहतात. ओढायचं नाही, हे पहिलं. ओढलं की पत्रा तुटतो. बोथट टोकाच्या कात्रीने वीत-वीतभर कापायचं, गुंडाळी करून पिशवीत घालायची. जिथे प्रवाळाने दोऱ्याला आत घेऊन वर वाढ केली आहे, तिथे दोन्ही टोकं कापून मधला दोरा तसाच सोडायचा. एका वसाहतीला अख्खी डाइव्ह गेली, पन्नास मिनिटं. मार्चमध्ये आम्ही चौघांनी मिळून एवढं जाळं वर आणलं की ते बोटीवर घ्यायला मामांना हात द्यावा लागला. त्यात एक छोटा गोबरो मासा होता, मेलेला.

तक्रार नांगराची. जानेवारीत आमच्याच बोटीने घाईत नांगर टाकला आणि खाली गेल्यावर आम्हाला टर्बिनेरियाचा ताजा पांढरा तुटका काठ दिसला. मी तिथेच रडले, मास्कच्या आत. प्रवाळ शिकवणाऱ्या सेंटरच्या बोटीला नांगराऐवजी बांधायला कायमचा तरंगता बोया नसावा, हे मला सहन होत नाही. लेखी दिलं. एप्रिलपर्यंत काही झालं नव्हतं. दुसरी तक्रार भाड्याच्या सामानाची. पाण्यात तरंग सांभाळायला हवेचं जॅकेट घालतात; त्यातल्या एकाचं हवा भरायचं बटण अडकायचं आणि आपोआप वर उचललं जायचं. नव्या माणसाला हे धोक्याचं आहे. उतरण्याआधी बोटीवरच सगळी बटणं तपासा. मी शेवटी मास्क आणि टॉर्च स्वतःचे घेतले. जॅकेट घेण्याइतके पैसे नव्हते.

सगळ्यात स्वस्त साधनच सगळ्यात कामाचं ठरलं : क्वीन्सलँड विद्यापीठाच्या प्रकल्पाचा प्रवाळ-रंगांचा तक्ता. कडेला रंगांच्या पट्ट्या, १ म्हणजे फिकट, ६ म्हणजे गडद. वसाहतीतला सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद भाग पट्टीशी जुळवायचा आणि लिहायचं. पाणी तापलं की प्रवाळ आतली शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा म्हणजे मेलेला नव्हे, पेशी काचेसारख्या असतात आणि पॉलिप हलताना दिसतो. मेलेल्यावर मात्र काही आठवड्यांत हिरवट शेवाळ चढतं. हा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर मी तो वर्गात नव्याने शिकवला. पोवळ्याच्या अंगठीबद्दलही मुलांनी विचारलं. ते लाल पोवळं भूमध्य समुद्राकडचं, वेगळ्याच गटातलं, आपल्या रीफचं नव्हे.

आमच्या गटाने दहा वसाहती ठरवून घेतल्या आहेत. सात नंबरची, पसरट टर्बिनेरिया, माझी. फेब्रुवारीत तिचा गडद भाग पट्टीवर ५ होता. १० मेच्या डाइव्हला माझ्या मनगटावरचं कॉम्प्युटर ३१ अंश दाखवत होतं आणि सात नंबर ३वर आली होती. दोन अंकांचा फरक म्हणजे शैवालं खरंच कमी झाली असं धरतात. काठाच्या पॉलिपांवर टॉर्च टाकला, सगळे आत ओढले गेले. जिवंत होती. त्यानंतर समुद्र खवळला आणि बोटी बंद झाल्या. पावसाने पाणी थंड होईल, ढगांनी ऊन अडेल, एवढाच आता तिला आधार.

पाटी स्वयंपाकघरात फ्रिजवर लावून ठेवली आहे. ऑक्टोबरात बोटी सुरू झाल्या की पहिल्या शनिवारची जागा मामांनी धरून ठेवली आहे, आणि या खेपेला अकरावीच्या दोन मुली बोटीवरून का होईना, सोबत येणार आहेत.