क्लार कंपास घ्यावा का? रामटेक-मनसरला दोन हिवाळे वापरून सांगते

एमेस्सी जिऑलॉजीचे ज्युनियर सारखे विचारतात ताई ब्रंटन घेऊ का क्लार (दोन्ही खडकांचा कल मोजायचे कंपास), म्हणून एकदाच नीट लिहिते. माझ्याकडे क्लार आहे, सिनियरकडून सेकंडहँड घेतलेला. त्याआधी एका दुकानातून ब्रंटनची स्वस्तातली कॉपी घेतली होती, पहिल्याच उन्हाळ्यात लेव्हलमधलं लिक्विड गळून बुडबुडा एवढा मोठा झाला की मधे आहे का कडेला तेच कळेना, आणि दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला.

तर मुद्दा असा की ब्रंटनवर स्ट्राइक (तिरक्या थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) वेगळा घ्यायचा आणि कंपास उभा धरून डिप (थराचा उतार) वेगळा. क्लारचं झाकणच खडकाच्या पृष्ठभागावर टेकवायचं, डबी लेव्हल करायची, बटण दाबून सुई मोकळी करायची, स्थिरावली की बटण सोडायचं, सुई तिथेच लॉक. सुईवर डिपची दिशा, बिजागराच्या स्केलवर डिपचा कोन, दोन्ही एकदमच. बिजागरावर लाल भाग आला तर सुईचं लाल टोक वाचायचं, काळा आला तर काळं, एवढंच लक्षात ठेवा. आकडे घड्याळाच्या उलट्या दिशेने छापलेत आणि पूर्व-पश्चिम अदलाबदल दिसते, ती चूक नाहीये, डबी फिरते आणि सुई जागेवरच राहते म्हणून तसं केलंय.

याची खरी किंमत मला मनसरला कळली. तिथला गोंडाइट, म्हणजे स्पेसार्टाइन (मँगनीजचा) गार्नेट आणि क्वार्ट्झचा खडक (गोंड लोकांवरून भूवैज्ञानिक फर्मॉरने हे नाव दिलंय), त्याचा एक पट्टा अभ्रकाच्या शिस्टमधे (पापुद्र्यांच्या रूपांतरित खडकात) छान वळलेला होता, हात लावला की बोटांना अभ्रक चिकटून चमकायचा. त्या एका वळीच्या (घडीच्या) दोन्ही बाहूंवर आणि नाकावर, म्हणजे वाकलेल्या टोकावर, मिळून चाळीस रीडिंग घेतली, तासाभरात झाली. रात्री स्टिरिओनेटवर (दिशा आणि कोन मांडायच्या गोल आलेखावर) प्लॉट केली तर सगळे पोल, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाला काटकोनातल्या रेषेचे बिंदू, एका ग्रेट सर्कलवर (आलेखावरच्या एका प्रतलाच्या कमानीवर) ओळीने बसले आणि त्या सर्कलचा पोल, म्हणजे वळीचा अक्ष, पूर्वेकडे साधारण 15 अंश झुकलेला आला. दुसऱ्या दिवशी झाकणाची कड थेट वळीच्या हिंजवर (जिथे ती सगळ्यात जास्त वाकते त्या रेषेवर) ठेवून मोजलं, दोन-तीन अंशांचाच फरक! मी तिथेच दगडावर बसून राहिले थोडा वेळ.

भ्रंशाच्या (खडक तुटून सरकलेल्या भेगेच्या) गुळगुळीत पृष्ठभागावरचे ओरखडे पण असेच कड लावून मोजता येतात, हालचाल आडवी होती का तिरकी ते लगेच दिसतं. आणि वरून झुकलेल्या खडकाला झाकण खालून टेकवता येतं.

आता तोटे. नवा खूपच महाग पडतो. लांबच्या टेकडीची बेअरिंग (दिशेचा कोन) घ्यायला मला ब्रंटनच बरा वाटतो. रामटेक-मनसरकडे मॅग्नेटिक डिक्लिनेशन (सुईची उत्तर आणि खरी उत्तर यातला फरक) एक अंशाच्या आत आहे त्याची काळजी नाही, पण लोखंडी हातोडा लांब ठेवा, सुई ओढली जाते. माझ्या फोनच्या कव्हरला मॅग्नेट होता, खिशातच राहिला, अख्ख्या दुपारची रीडिंग परत घ्यावी लागली. मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) भरपूर असलेल्या खडकावर तर कुठलाच चुंबकीय कंपास चालत नाही, फोनमधलाही नाही, कारण तोही चुंबकीय क्षेत्रच मोजतो.

माझं मत विचाराल तर वळ्यांचं काम असेल तर क्लारच घ्या. सेकंडहँड घेताना सपाट, लेव्हल टेबलावर झाकण टेकवून डबी लेव्हल करा, बिजागराचा स्केल शून्यावर यायला हवा, आणि बटण सोडल्यावरही सुई हलत असेल तर परत द्या.