छताचं कापड घरी बदललं, त्याला आठ महिने झाले

डिसेंबरमध्ये दोन रविवार घालवून माझ्या १५ वर्षं जुन्या सेडानच्या छताचं आतलं कापड मी घरीच बदललं. तेव्हा लगेच लिहिलं नाही, कारण डिसेंबरात चिकटवायचं कुठलंही सोल्युशन धरतं. अकोल्याचा मे काढल्याशिवाय बोलण्यात अर्थ नव्हता. आता मे झाला, अर्धा पावसाळाही झाला.

आधीची अवस्था सांगतो. मागच्या काचेजवळ कापड आधी फुगलं, मग झोळीसारखं लोंबायला लागलं. आरशात मागचं काही दिसेना. आई मागे बसली की कापड तिच्या अंबाड्याला लागायचं आणि उतरल्यावर केसांत पिवळी भुकटी. टाचण्या लावून पाहिल्या. त्या गचक्यांनी पडायच्या. एक पडलेली सापडली ती थेट बसल्यावर. मग कापडाला बारीक भोक पाडून आत सोल्युशन सोडलं. दोन दिवसांत कापड परत खाली आलं, वर डाग पडला तो वेगळा.

असं का होतं ते छत उतरवल्यावर कळलं. या कापडाच्या पाठीला जेमतेम ३ मिलिमीटरचा फोम असतो आणि तो फोम साच्यातल्या कडक बोर्डाला चिकटवलेला असतो. ऊन आणि दमट हवा खाऊन खाऊन मधला फोमच कुजतो. बोट लावलं की पीठ. त्यावर कितीही भारी सोल्युशन मारा, ते पिठालाच चिकटणार. म्हणून सगळं काढून नवं लावण्याला पर्याय नाही.

कुशनवाल्याने साडेसहा हजार सांगितले होते. माझं फोमवालं कापड २ मीटर, उष्णता सोसणाऱ्या सोल्युशनचे दोन स्प्रे, ब्रश, मास्क आणि तुटलेल्या क्लिपा धरून तीन हजारांच्या आत भागलं. मजुरी धरली नाही, आणि धरूही नये.

खोलण्याचं काम वाटतं तेवढं अवघड नाही. सन व्हायझर, हँडलं, दिवा, खांबांवरच्या पट्ट्या, दारांच्या वरच्या कडेची रबरी पट्टी (बीडिंग), इतकं निघालं की बोर्ड हातात येतो. आधी बॅटरीची तार काढा. दिव्याच्या वायरी बोर्डाच्या वरच्या अंगाला चिकटवलेल्या असतात, त्या सोडवल्याशिवाय ओढू नका. माझ्या गाडीत खिडक्यांवरच्या एअरबॅग नाहीत. तुमच्या गाडीत असतील तर हे काम सरळ गॅरेजला द्या. तिथे पैसे वाचवू नयेत. बोर्ड बाहेर काढायला दुसरा माणूस लागतोच. पुढच्या सीटच्या पाठी पूर्ण आडव्या करून तो डावीकडच्या पुढच्या दारातून तिरपा काढला. मी आणि मेहुण्याने इतकी काळजी घेऊनही एका कोपऱ्याला चीर गेली. मागून कापडाची पट्टी डकवली, आता कळतही नाही.

खरी मेहनत घासण्यात आहे. जुनं कापड एका झटक्यात निघतं आणि माणूस खूश होतो. मग तो चिकट पिवळा थर दिसतो. नायलॉनच्या ब्रशने मी तीन तास घासलं, अंगणात, नाकाला मास्क लावून. तारेचा ब्रश वापरू नका, बोर्डाचे पोपडे निघतात. शेवटी बोर्डावर तळहात फिरवायचा. हाताला भुकटी लागली तर अजून घासायचं. मी दिव्याभोवतीच्या खोबणीत कंटाळा केला. त्याची शिक्षा पुढे येतेच.

चिकटवताना कापड बोर्डावर अंथरून अर्धं दुमडलं, कापडाच्या फोमवर आणि बोर्डावर असा दोन्हीकडे स्प्रे मारला, बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतकं सुकू दिलं, मग मधून कडेकडे हाताने बसवत गेलो. नंतर दुसरा अर्धा भाग. जोरात दाबलं की सोल्युशन फोममधून वर येतं आणि कापडावर कायमचा ओला दिसणारा डाग राहतो. माझा असा एक आहे, ड्रायव्हरच्या डोक्यावर, म्हणजे रोज मलाच दिसणारा.

आता उन्हाळ्याचं. गाडी ऑफिसात उघड्यावर उभी असते. पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी टपाच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. डब्यावर ७० अंशांपर्यंत टिकेल असं छापलेलं पाहूनच मी स्प्रे घेतला होता, तो पैसा वसूल झाला. सपाट भाग, कडा, मागची काच, कुठेही फुगा नाही. सुटली ती फक्त दिव्याभोवतीची खोबण, एप्रिलमध्येच, तळहाताएवढी. एक तर तिथे भुकटी राहिली होती, दुसरं म्हणजे खोलगट जागेवरून मी कापड ताणून नेलं होतं. ताणलेलं कापड तापलं की सरळ व्हायला बघतं आणि खोबणीतून वर उठतं. दिवा काढून तेवढंच उचललं, घासलं, या वेळी कापड आधी सैल ठेवून खोबणीत बसवलं. त्यानंतरचा हा मे त्याने निमूट काढला.

पावसाळ्यासाठी एक गोष्ट नशिबाने हाती लागली. बोर्ड काढला तेव्हा अँटेनाच्या जागी वरून तपकिरी वर्तुळ दिसलं. अँटेनाखालचं रबर वाळून पाणी झिरपत होतं. नवं रबर बसवलं, म्हणून जुलैच्या झडीत छत कोरडं आहे. बोर्ड खाली आला की वरची बाजू बघितल्याशिवाय परत चढवू नका.

कुरकुर दोनच. डावीकडच्या खांबाची पट्टी खडबडीत रस्त्यावर वाजते, कारण एक क्लिप मी तशीच तुटकी बसवली. आणि कापड राखाडी घेतलं, व्हायझर मात्र मूळचे बदामी राहिले. दुकानात जुना तुकडा न नेता नुसत्या आठवणीवर रंग निवडला होता. आईच्या मते गाडीने धोतरावर कोट घातल्यासारखं दिसतं. कापड अर्धा मीटर उरलंय, व्हायझरचे खोळ ती स्वतःच शिवणार आहे म्हणते.